माईंचं नाक

गाडीत बसल्या बसल्या माईंनी सगळ्यांना पुन्हा एकदा बजावलं. "घर आवडलं तर गप्प बसायचं. फार आवडलं तर नावं ठेवायची. आणि अगदीच जीव जडला, तर तिकडे बघायचंसुद्धा नाही."

"आणि नाही आवडलं तर?" गाडी सुरू करत त्यांच्या मुलाने, भाऊने विचारलं.

"तर कौतुक कर. तेवढंच त्या बाईला बरं वाटेल."

मागच्या सीटवर सून, ताई आणि मधे दाबून बसवलेले माईंचे यजमान, मास्तर, तिघंही हसली, पण नियमाला कोणी हरकत घेतली नाही. घेणार कशी? या परक्या मुलुखात त्यांचं शिवणाचं दुकान उभं राहिलं ते मास्तरांच्या हातावर आणि माईंच्या नाकावर. मास्तरांना कापड शिवता येत होतं, घेता येत नव्हतं. चांगलं कापड दिसलं की त्यांचा चेहरा उजळायचा आणि व्यापारी तिथल्या तिथे भाव चढवायचा. म्हणून ठोक बाजारात माई जायच्या. नको असलेला तागा उलगडून बघायच्या, उजेडात धरायच्या, वाहवा करायच्या. हवा असलेला तागा त्यांच्या कोपराशी पडलेला असायचा आणि त्यांनी तो पाहिलेलाही नसायचा. निघताना नाक मुरडून म्हणायच्या, "बरं, हेही टाका त्यातच, अस्तराला होईल." अस्तराच्या भावात घेतलेल्या त्या कापडाचे कोट घालून या गावातली कितीतरी पोरं बोहल्यावर चढली होती. बाजारातल्या लोकांना माईंचं नाव माहीत नव्हतं. ते त्यांना 'नाकवाली बाई' म्हणत आणि दुरून दिसली की चांगले तागे आत सरकवत.

आता कापड नव्हे, घर घ्यायचं होतं. दुकानावरच्या दोन खोल्यांत चार माणसं आणि खाली सणकून आवाज करणारं काजाचं मशीन, असा संसार पुष्कळ झाला. लग्न झालेली लेक, ताई, बँकेत होती, दुसऱ्या शहरात. तिने कर्जाची खटपट केली होती आणि आज त्यासाठीच ती आली होती.

घर लाल विटांचं, रांगेतलं शेवटचं. दारात दलाल उभा होता आणि त्याच्या मागे घराची मालकीण, आयुष्यभर पियानो शिकवून आता थकलेली एकटी बाई. तिला बहिणीकडे राहायला जायचं होतं. लोक बघायला येतील तेव्हा मालकाने बाहेर जावं अशी तिथली रीत, पण ही गेली नव्हती. तिने चहा केला होता, खोल्याखोल्यांत दिवे लावले होते आणि पियानो इतका पुसला होता की त्यात तिचं तोंड दिसत होतं.

"भिंती किती पातळ!" माईंनी बोटाच्या पेराने भिंत वाजवली आणि नाक मुरडलं. "शेजाऱ्याला शिंक आली तर रुमाल आपण शोधायचा."

"छत जरा बुटकं आहे," मास्तर आज्ञाधारकपणे म्हणाले. ते स्वतः दारातून जाताना कधी वाकले नव्हते आणि वाकायची गरजही नव्हती.

भाऊने परसातली लाकडी खोली उघडली, आत डोकं घातलं आणि बाहेर काढलं. "यात काय ठेवायचं? छत्री?"

"ई! न्हाणीघराला खिडकीच नाही," वरून ताईचा आवाज आला.

मराठीतलं बाकी काही त्या बाईला कळणं शक्य नव्हतं. पण 'ई' जगातल्या सगळ्या बायकांना कळतं. ती हातातला ट्रे घेऊन तशीच उभी राहिली. माईंनी मात्र तिच्या चहाचा घोट घेतला आणि तिच्या भाषेत तीनदा सांगितलं की चहा फार छान आहे.

सून जिना चढत होती. जिना मधे वळत होता आणि त्या वळणावर एक रुंद खिडकी होती. खिडकीत फळी टाकून बसायची जागा केलेली, खाली पुस्तकांचे कप्पे, बाहेर शेजारच्या झाडाचा शेंडा. फळीवरची उशी मधे दबलेली होती. कोणीतरी तिथे वर्षानुवर्षं बसत आलं होतं.

दुकानावरच्या खोल्यांत सुनेला बसायची जागाच नव्हती. जेवायची, झोपायची, काम करायची होती. लॅबमधल्या नोकरीसाठीच्या परीक्षांचा अभ्यास तिने पलंगावर मांडी घालून केला होता, खालच्या मशीनची थरथर मांडीला लागत असताना. एक खिडकी, जिच्यात बसलं तर कोणी विचारणार नाही की काय करतेस. ती दोन क्षण बघत राहिली. मग माईंचा नियम आठवला आणि ती खिडकीकडे पाठ करून उभी राहिली. सगळे खाली उतरेपर्यंत ती तशीच उभी होती. पाठीला ऊन लागत होतं.

परतताना माई खुशीत होत्या. "बाईचं तोंड पाहिलंत? एवढंसं झालं होतं. आता ती जास्त ताणणार नाही."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी, पानं मांडत असताना, दलालाचा फोन आला. सुनेने तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

दलाल अवघडलेला होता. दुसऱ्या एका जोडप्याने तुमच्याएवढाच आकडा दिलाय, म्हणाला. आणि बाईंचं त्यांना द्यायचं ठरलंय. उद्या सकाळी कळवणार.

"आकडा सारखा आहे ना? मग ते का?" भाऊने विचारलं.

"कारण तुम्हाला घर आवडलेलं नाही. खरं सांगू? मलाही तसंच वाटलं. संध्याकाळी तुमचा आकडा आला तेव्हा मी तो दोनदा वाचला. बाई म्हणाल्या, ज्यांना माझं घर बघवत नव्हतं त्यांनी त्यात का राहावं?"

फोन बंद झाला. आमटी निवत आली तरी कोणी वाढून घेईना.

"गेलं तर गेलं," माई म्हणाल्या. "घरं काय, छप्पन मिळतील."

"मीही तेच म्हणते," ताई म्हणाली. जरा जास्तच लवकर म्हणाली. तिने कर्जाची खटपट केली हे खरं, पण मनातून तिला हे घर नको होतं. आईवडील थकले की आपल्या शहरात येतील, आपल्याजवळ राहतील, असं तिने कधीपासून धरलं होतं. भावाच्या नावाने विटांचं घर झालं की ते दोघं कायमचे इथले झाले. हे ती कोणाला बोलली नव्हती, नवऱ्यालाही नाही.

"थोडा आकडा वाढवू या का?" भाऊने सुचवलं.

"त्या बाईला पैसा कमी पडला नाही रे," मास्तर म्हणाले. "मान कमी पडला."

मास्तर एका दमात एवढं बोलले की घरात त्याची नोंद होत असे. माई त्यांच्याकडे चमकून बघायला लागल्या आणि तेवढ्यात सुनेने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"मला ते घर आवडलं होतं," ती म्हणाली.

"कधी?" भाऊला खरंच आश्चर्य वाटलं. "तू तर सगळा वेळ जिन्यात पाठ करून उभी होतीस!"

"हो. खिडकीकडे पाठ करून. जीव जडला तर बघायचं नाही ना? म्हणून नाही बघितलं." तिचा आवाज चढला नव्हता. "आजवर या घराचा प्रत्येक नियम पाळला. हाही पाळला. आणि नियम पाळूनच माझं घर गेलं."

'माझं घर' हे शब्द या दोन खोल्यांत तिच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते. ताईने वहिनीकडे पाहिलं आणि तिला एकदम स्वतःचीच लाज वाटली. आपण आईवडील आपल्याकडे ओढायचे बेत करत होतो. या बाईने त्याच आईवडिलांसाठी रोज मशीनच्या खडखडाटात स्वयंपाक केला आणि मागितली काय, तर एक खिडकी.

"वहिनी बरोबर बोलतेय," ताई म्हणाली. "आपलंच चुकलं."

"आत्ता तर म्हणालीस, गेलं तर गेलं!" भाऊ म्हणाला.

"आत्ताचं आत्ता. आता वेगळं म्हणतेय."

मास्तर खाकरले. "वरच्या मागच्या खोलीत मी गेलोच नाही."

"का?"

"दारातूनच उजेड दिसला. सुईत दोरा ओवायला चष्मा लागू नये असा उजेड. म्हटलं, आत जायलाच नको. चेहऱ्यावर दिसेल."

भाऊने मान खाली घातली. "ती परसातली खोली... छत्री म्हणालो ना मी? माझं सुतारकामाचं टेबल बसतं तिथे. शिवाय सायकल. नुसतं डोकं घालून सगळी मांडामांड करून आलो."

"माझी पोरं त्या परसात..." ताईने सुरुवात केली आणि वाक्य अर्धंच सोडलं. सुट्टीत पोरं तिथे धावताना तिलाही दिसली होती, नको म्हणत असतानासुद्धा.

सगळ्यांनी माईंकडे पाहिलं. माई ताटातल्या मिठाकडे बघत होत्या.

"मला काही आवडलं नाही," त्या म्हणाल्या.

"काहीच नाही?"

"चहा बरा होता."

"म्हणजे चहा वाईट होता," मास्तर म्हणाले. मग ते पाटावरून उठले. "चल, ऊठ. जा आणि त्या बाईला खरं काय ते सांग."

"मी? तिच्या तोंडावर तिच्या घराची स्तुती करू? अहो, मला नाही जमणार ते."

"दुकानाचा नियम काय आहे? ज्याने उसवलं त्याने शिवायचं. नावं तू ठेवलीस."

माईंना त्यांच्याच दुकानाचा नियम आजवर कोणी ऐकवला नव्हता. कपाटातलं बरं लुगडं काढायला त्या आत गेल्या. सुनेने दलालाला फोन लावला. तो म्हणाला, या, पण दोघीच या. सगळा गोतावळा आणलात तर बाई दार उघडणार नाहीत.

*

माई आणि सून, दोघीच आत गेल्या. बाकीचा गोतावळा कोपऱ्यावर, गाडीत काचा खाली करून बसला.

माईंना या देशाची भाषा येत नव्हती असं नाही. त्या भाषेत त्यांना भाव करता येत होता, खोट काढता येत होती, उधारी मागायला आलेल्याला परत पाठवता येत होतं. चांगलं बोलायला लागणारे शब्द मात्र त्यांनी शिकले नव्हते. कधी गरजच पडली नव्हती. म्हणून शेजारी सून हवी होती.

पियानोवाली बाई समोर बसली. आज चहा नव्हता.

"सांग तिला," माईंनी घसा साफ केला, "म्हणावं, घर काही वाईट नाही."

"माई, असं नाही चालणार."

"बरं, बरं. थांब." माईंनी पदर सारखा केला. दुकान उघडताना, नडलेल्या गिऱ्हाइकापुढे, पोलिसापुढे, कुठेच त्यांची जीभ अडली नव्हती. आज अडली. मग त्यांनी कापडबाजारातली गोष्ट सुरू केली. नको तो तागा कसा उलगडायचा, हवा तो कसा बघायचा नाही. सून वाक्याला वाक्य लावून सांगत गेली. बाईच्या कपाळावरची आठी हळूहळू बदलत गेली. रागाची होती, ती कोड्याची झाली.

"म्हणजे जे आवडतं त्याला तुम्ही नावं ठेवता?"

"हो."

"आणि आवडत नाही त्याची स्तुती करता?"

"हो."

बाईने विचार केला. "माझा चहा तुम्ही तीनदा छान म्हणालात."

सुनेने माईंकडे पाहिलं. खरं सांगायचं म्हणून आलो होतो, आता माघार कसली? "पाणी नीट उकळलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

सुनेने डोळे मिटून ते भाषांतर केलं. बाईच्या तोंडाचा कोपरा हलला.

"न्हाणीघराबद्दल काय म्हणणं आहे?"

"ते मात्र खरंच वाईट आहे."

आता बाई हसली. "आहेच. त्या जोडप्याने तेही सुंदर म्हटलं. त्यांना सगळंच सुंदर वाटत होतं." ती पुढे झुकली. "मला एवढंच सांगा. या घरात तुम्ही स्वतः कशाकडे बघितलं नाहीत?"

माईंनी कोपऱ्यातल्या घड्याळाकडे पाहिलं, पियानोकडे पाहिलं. मग सुनेकडे न बघता मराठीत बोलायला लागल्या.

"जिन्यातली ती खिडकी. मी तिच्याकडे नाही बघितलं, कारण मी या पोरीकडे बघत होते. ही पाठ करून उभी राहिली आणि मला कळलं, हिचा जीव जडलाय. काल सगळ्यांत जास्त नावं मी ठेवली ती त्यानंतर. म्हटलं, हिला हे घर मिळालंच पाहिजे."

सुनेने तोंड उघडलं, पण माई थांबेनात.

"हिला बघायला गेलो होतो तेव्हाही असंच केलं. हिच्या आईबापांसमोर म्हणाले, उंचीला कमी आहे, आवाज बारीक आहे, कामाला उरक दिसत नाही. आत हिला ऐकू गेलं असणार. पातळ भिंती होत्या. आणि मी तर दारात हिने पाणी दिलं तेव्हाच ठरवलं होतं, न्यायची तर हीच. भीती वाटली गं. आपल्याला किती हवी आहे ते कळलं तर देणार नाहीत. दिली तरी माझीच दृष्ट लागेल. म्हणून नावं ठेवली. मिळाली ही. पण बाजारातून तागा घरी आणला की त्यावर हात फिरवायचा असतो, बाई. तो माझ्याकडून राहूनच गेला."

"काय म्हणाल्या?" बाईने विचारलं.

ऐकू गेलं होतं. सुनेला ते तिन्ही शब्द पाठ होते, उंची, आवाज, उरक. नवी नवरी म्हणून आली तेव्हापासून ती टाचा उंचावून चालत होती, आवाज चढवून बोलत होती आणि कोणी बघत नसतानासुद्धा भराभर काम करत होती. तिने कसंबसं बाईच्या भाषेत सांगितलं, "त्यांना जिन्यातली खिडकी आवडली."

"एवढंच?" माई उसळल्या. "मला तेवढी भाषा कळते. खिडकी म्हणालीस, बस्स. एवढं मोठं बोलले मी, ते कुठे गेलं?"

"माई, मला नाही जमत ते."

"मलाही जमत नव्हतं. बोलले ना? सांग सगळं. एकही शब्द गाळू नकोस."

मग सुनेने सांगितलं. 'मी' न म्हणता 'ही मुलगी' म्हणत, दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट असल्यासारखं. ही मुलगी उंचीला कमी आहे, असं त्या म्हणाल्या. या मुलीने पाणी दिलं तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं. शेवटच्या वाक्याशी ती थांबली. 'हात फिरवायचा राहिला' याला त्या भाषेत शब्द होते, सोपे होते, पण ते तोंडातून निघेपर्यंत तिचे डोळे भरून वाहायला लागले आणि तिने ते पुसलेही नाहीत.

बाई माईंकडे बघत नव्हती. सुनेकडे बघत होती.

"मी रोज संध्याकाळी त्या खिडकीत बसून वाचते," ती हळूच म्हणाली. "उशी राहू दे ना तिथेच? मी दलालाला फोन करते."

दाराशी तिने दोघींचे हात हातात घेतले. माई पायरी उतरल्या, वळल्या आणि बंद होत असलेल्या दाराकडे बघून त्यांनी नाक मुरडलं. "काय भिकार रंग आहे गं दाराचा!"

शब्द कळले नाहीत तरी नाक कळलं. बाईचा चेहरा पडला.

"घाबरू नका," सून रडता रडता हसली. "फार आवडलाय त्यांना."

कोपऱ्यावरच्या गाडीत तीन डोकी एकाच खिडकीतून बाहेर आली होती. मास्तरांनी हात नुसताच प्रश्नार्थक हलवला. त्यांना उत्तर द्यायला सून पुढे निघाली तशी माईंनी तिला फाटकाशी थांबवलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पुन्हा नाक मुरडलं.

"केस बघ काय झालेत. नाक लाल, डोळे सुजलेले. ध्यान दिसतेस अगदी. उंचीला तर पहिल्यापासूनच कमी."

आणि हे म्हणताना त्या तिच्या खांद्यावरून, दंडावरून, कोपरापर्यंत सावकाश हात फिरवत होत्या.